रोजचा स्वयंपाक आणि ऋतुमान

आषाढ लागला, चार दिवस पावसाची झड बसली, की घरोघरच्या स्वयंपाकघरांतून एक तक्रार हटकून ऐकू येते : "बाजारात काही मिळत नाही, जे मिळते ते महाग, आणि महाग घेतलेले तेही निम्मे कुजके. रोज करावयाचे तरी काय?" तक्रार खोटी नाही. परंतु तिच्या पोटात एक समजूत दडलेली असते, आणि तिचाच विचार आज करावयाचा आहे. ती समजूत अशी की, पदार्थ म्हणजे त्याच्या कृतीत लिहिलेली जिनसांची यादी होय. यादीतला एक जिन्नस हुकला की पदार्थ हुकला.

नव्याने संसार हाती घेणाऱ्या मुलींच्या ठिकाणी ही समजूत विशेष आढळते, व त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या आज्यांनी आणि सासवांनी स्वयंपाक कोणाच्या तरी हाताखाली राहून शिकला. बारा महिने चुलीपाशी वावरल्यावर चैत्रातली आमटी व पौषातली आमटी यांतला फरक कोणी न सांगता कळत असे. आजच्या मुलींचे दिवस शाळा-कॉलेजांत व कचेऱ्यांत जातात. त्यांना स्वयंपाक पुष्कळदा छापील कृतीवरूनच शिकावा लागतो. छापील कृतींचे उपकार मोठे आहेत. १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने कितीतरी घरांतील नवशिक्या हातांना धीर दिला. पण पुस्तक कितीही उत्तम असले तरी आज बाजारातून आलेले पडवळ कोवळे आहे की जून, डाळ नवी आहे की जुनी, हे त्याला कोठून कळणार? तेवढे काम करणारीनेच करावयाचे असते.

यासाठी एक साधी दृष्टी उपयोगी पडते. आपल्या देवपूजेकडे पाहा. पूजेचा विधी बारा महिने तोच. ताम्हन तेच, पळी-पंचपात्र तेच. फुले मात्र त्या त्या ऋतूची. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळा सरता सरता प्राजक्त, दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती. मोगरा मिळाला नाही म्हणून श्रावणात कोणी पूजा सोडून देत नाही; फुलाचे स्थान कायम राहते, त्या स्थानी फूल दुसरे येते. रोजच्या स्वयंपाकाचेही अगदी असेच आहे. आमटी म्हणजे अमुक चार जिनसा नव्हेत. आमटी म्हणजे काही ठरलेली स्थाने : एक आधाराचे, म्हणजे डाळीचे, एक आंबटाचे, एक गोडाचे, एक तिखटाचे, एक फोडणीच्या वासाचे, आणि वाटल्यास एक भाजीचे. ही स्थाने ओळखू आली की त्यांवर कोणाला बसवावयाचे हे ऋतूकडे पाहून ठरविता येते.

आंबटाचेच उदाहरण घेऊ. हल्ली बहुतेक घरांतून हे स्थान टोमॅटोने कायमचे बळकावले आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात टोमॅटोचा भाव अनेक शहरांतून किलोला शंभर रुपयांच्या पलीकडे गेला, तेव्हा जणू स्वयंपाकच बंद पडावा असा आकांत झाला. वास्तविक जून-जुलैचे दिवस टोमॅटोला अडचणीचेच असतात : उन्हाळी पीक संपत आलेले, पावसाळी पीक यावयाचे, आणि जे तोडले जाते ते पावसाने व वाहतुकीत नासते. अशा वेळी आपल्याच घरातील बरण्यांकडे लक्ष का जाऊ नये? टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या स्वयंपाकघरात तो चिंच-आमसुलांच्या मानाने फारच नवा पाहुणा आहे. चिंच माघापासून चैत्रापर्यंत उतरते. चिंचोके व शिरा काढून, मीठ लावून गोळे करून ठेवले की वर्षाची बेगमी होते. कोकणात रातांबे वैशाखात पिकतात. त्यांच्या साली मीठ घातलेल्या रसात बुडवून पुनःपुन्हा वाळविल्या की आमसुले तयार होतात. दोन्ही जिनसा उन्हाळ्यात साठवावयाच्या त्या मुख्यतः पावसाळ्यासाठीच, हे विसरता कामा नये.

आता अदलाबदल कशी करावी ते प्रमाणासह सांगितले पाहिजे. नाहीतर ‘अंदाजाने घाला’ या उपदेशाने कोणाचेच समाधान होत नाही. चार-पाच माणसांच्या आमटीला १ वाटी तूरडाळ धरू. तिला दोन मध्यम टोमॅटो लागत असतील, तर त्यांच्या जागी ५-६ आमसुले, अथवा मोठ्या सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, अथवा मध्यम आकाराची अर्धी कैरी, अथवा १ चहाचा चमचा आमचूर, अथवा एका लिंबाचा रस पुरतो. परंतु जागा बदलली की शेजारीही थोडे हलतात. टोमॅटो नुसता आंबटपणा देत नाही, दाटपणाही देतो. आमसूल दाटपणा देत नाही; म्हणून पाणी अर्धी वाटी कमी घालावे किंवा डाळ अधिक घोटावी. चिंचेला गूळ अधिक लागतो व गोडा मसाला तिच्याशी जमतो. आमसुलाला ओल्या नारळाची संगत बरी, व गूळ नावापुरता. कैरीचा आंबटपणा झाडागणिक निराळा. म्हणून आधी फोड चाखून पाहावी व मगच गुळाचा खडा ठरवावा. लिंबाचा रस आमटी उतरल्यावरच पिळावा. उकळल्याने तो कडवटतो व त्यातले ‘क’ जीवनसत्त्वही बरेच नष्ट होते.

आणखी एक नियम सर्व आंबटांना सारखाच लागू. डाळ पुरती शिजल्यावाचून आंबट घालू नये. आम्लामुळे डाळीचे कण मऊ पडण्यास विलंब लागतो. चिंच आधी पडली तर डाळ तासभर उकळूनही गरगरीत होत नाही, आणि दोष बिचाऱ्या डाळीला लागतो. तसेच, आंबट पदार्थ शिजविण्याचे पितळेचे पातेले कल्हई केलेलेच असावे, आणि लोखंडी कढईत तो फार वेळ ठेवू नये. रंग काळवंडतो व चव बिघडते.

आमटीवरून जे कळले ते भाजीला लावून पाहू. आपल्याकडची पळीवाढी पालेभाजी घ्या. तिचा सांगाडा ठरलेला : पाला शिजवून घोटावयाचा, त्यात हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे, दाटपणाला थोडे बेसन, आंबटाला ताक अथवा चिंच, आणि वरून फोडणी. या एका सांगाड्यावर वर्ष निघते. थंडीत चाकवत व चुका उत्तम मिळतात. चाकवताला ताक हवे; चुका स्वतःच आंबट, त्याला ताकाची गरज नाही, गूळ मात्र हवा. उन्हाळ्यात पाला दुर्मीळ झाला तरी माठ, तांदुळजा व शेवग्याचा पाला असतो. शेवग्याचा पाला थोडा उग्र असल्याने त्याला डाळ अधिक घालावी. पावसाळ्यात अळू हातभर वाढते, आणि हाच सांगाडा ‘अळूचे फदफदे’ या नावाने लग्नाच्या पंक्तीतही मानाने बसतो. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे घसा खाजतो. म्हणून अळू नेहमी चांगले मऊ शिजवावे आणि त्यात चिंच अथवा आमसूल घालण्याची आपली जुनी रीत मोडू नये. मूतखड्याचा विकार असलेल्यांनी मात्र अळू व पालक यांविषयी वैद्याचा सल्ला घ्यावा.

पावसाळा भाज्यांच्या बाबतीत दरिद्री आहे, हा समज मोठ्या शहरांतील मंडईने निर्माण केला आहे. मंडईत कोबी, फ्लॉवर, मटार शोधीत गेल्यास तो दरिद्री वाटेल. कारण त्या थंडीच्या भाज्या. परंतु पडवळ, दोडके, घोसाळी, भेंडी, काकडी, तोंडली यांचा हा सुकाळ आहे. वेलावरच्या या भाज्यांत पाण्याचा अंश फार असतो. त्यांना शिजविताना वरून पाणी घालणे म्हणजे चव धुऊन टाकणे होय. पातेल्यावर ताट झाकून ताटात पाणी ठेवावे. वाफेवर भाजी आपल्याच रसात शिजते. भिजविलेली हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ त्यांत घातली म्हणजे ती सुटलेला रस शोषून घेते, व वाटीभर भाजी चार माणसांत पुरते. पडवळात डाळ घालण्याची चाल अशी दुहेरी उपयोगाची आहे. दोडक्याच्या शिरा फेकू नयेत. तिळाबरोबर परतून त्यांची चटणी होते, आणि कोथिंबीर चिखलाने भरलेली व महाग असते त्या दिवसांत पानाची डावी बाजू तीच सांभाळते.

कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी तर पहिल्या पावसाबरोबर न पेरलेल्या भाज्यांचा बाजार भरतो. ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांतील आदिवासी स्त्रिया रानातून शेवळे, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली घेऊन येतात. यांतील प्रत्येकीची वेळ थोडी व रीत निराळी. टाकळा पहिल्या काही आठवड्यांतच कोवळा. पुढे जून व उग्र होतो. भारंगीचा पाला कडू, म्हणून उकडून पाणी टाकून द्यावे. शेवळे अतिशय खाजरे. त्यांच्याबरोबर काकडाची आंबट फळे विकावयास ठेवलेली असतात, ती घेतल्याखेरीज शेवळे घेऊ नयेत. विकणारीलाच कृती विचारावी. तिच्याइतकी जाणकार दुसरी कोणी नाही. तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणे मात्र आपल्याला शोभत नाही. पहाटे उठून, चिखल तुडवून, ओळखून खुडलेला पाला तो; त्यातले ज्ञान आपण फुकट घेतो, निदान पाल्याचे दाम तरी पुरते द्यावे. आणि ज्या पानाची ओळख नाही ते स्वतः खुडून आणण्याचा उत्साह कोणीही करू नये.

येथे चातुर्मासाचा विषय ओघानेच येतो. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून, एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण व वांगे वर्ज्य करणारी घरे अजूनही पुष्कळ आहेत. आणि एकत्र कुटुंबात अर्धी माणसे पाळणारी व अर्धी न पाळणारी, असाही प्रसंग असतो. धर्माची बाजू ज्याने त्याने पाहावी. स्वयंपाकघरापुरता प्रश्न एवढाच की, कांद्याचे स्थान रिकामे झाले, तेथे कोण बसणार? कांदा तीन कामे करतो : दाटपणा, किंचित गोडी, व वास. दाटपणाला दाण्याचे कूट किंवा भाजून वाटलेले सुके खोबरे व तीळ घ्यावेत. गोडी खोबऱ्यातच असते. आणि वासासाठी हिंग. हिंगाच्या वासामागे कांदा-लसणीप्रमाणेच गंधकयुक्त द्रव्ये आहेत, म्हणूनच तो त्यांची उणीव भरून काढू शकतो. तेल चांगले तापल्यावर हिंग टाकावा व लगेच पुढचा जिन्नस घालावा. जळला तर कडू होतो. अशा रीतीने केलेली रस्साभाजी एकाच पातेल्यातून आजेसासूबाईंना व नातवंडांना वाढता येते, आणि दोन निरनिराळे स्वयंपाक करण्याचा सुनेचा त्रास वाचतो. हा लाभ लहान नव्हे.

चातुर्मास संपून मार्गशीर्ष लागला की चित्र पालटते. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत व रोडगा यांचा नैवेद्य होतो, आणि वांगे पुन्हा पानात येते. हा काळ भाज्यांचा राजा. वालपापडी, पावटे, घेवडा, ओले हरभरे, तुरीचे ओले दाणे, गाजरे, मुळे, मेथी : काय घ्यावे नि काय ठेवावे! थंडीच्या या वैभवाचा सारांश म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी. तिच्यात वांगे, गाजर, पावटे, घेवडा, ओले हरभरे, बोरे इत्यादी त्या ऋतूतले जे जे असेल ते पडते, तिळाचे कूट पडते, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. या भाजीची नक्की यादी दोन घरांत सारखी सापडावयाची नाही. जी भाजी शेतात आहे ती भोगीची भाजी, हीच तिची खरी कृती. या दिवसांत मसाला कमी करावा. कोवळ्या दाण्याला स्वतःची गोडी असते, तिच्यावर गोड्या मसाल्याचे पांघरूण कशाला?

भाकरीच्या बाबतीत आपल्या वडील माणसांनी ऋतू काटेकोर पाळला, आणि त्याचे कारण शेतात होते. बाजरी खरिपाची, आश्विनाच्या सुमारास निघते, म्हणून थंडीत ताजी. शाळू रब्बीचा, फाल्गुनात हाती येतो, म्हणून उन्हाळ्यात पांढरीशुभ्र ज्वारीची भाकरी. कोकणात तांदूळ व नाचणी. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर खवट व कडू होते. ते आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणावे, आणि दमट दिवसांत त्याहूनही थोडे. ज्वारी-बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून जुने पीठ असल्यास कढत पाण्यात मळावे. पिठातले सत्त्व फुगून भाकरी थापताना चिरत नाही. नाचणी पाऊस-पाण्याच्या दिवसांत आंबील अथवा भाकरी या रूपाने लहान मुलांना व बाळंतिणींना अवश्य द्यावी; शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि तांदळात त्याच्या दशांशही नसते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरांतील हॉटेलांनाही बाजरी आठवली. आपल्या घरात ती विसरली गेली नसेल तर तिचा वेगळा उत्सव करण्याचे कारण नाही.

तांदळाविषयीही दोन शब्द. नवा तांदूळ दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतो. त्याला पाणी कमी लागते व भात चिकट होतो. पेज, मऊ भात, गुरगुट्या भात यांना तो उत्तम, परंतु मसालेभाताला जुनाच हवा. ‘मागच्या महिन्यात याच मापाने भात मोकळा झाला, या वेळी गोळा का झाला?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मापात नसून तांदळाच्या वयात असते.

कोशिंबिरीच्या स्थानी ऋतूप्रमाणे केवळ भाजीच नव्हे, तर रीतही बदलावी. उन्हाळ्यात कैरी-कांद्याचा टक्कू, थंडीत मुळा, गाजर, कोवळे नवलकोल. हे कच्चे खावेत. परंतु पावसाळ्यात पाणी गढूळ असते व पाल्यावर माती व किडी असतात. तेव्हा कच्च्या पाल्याऐवजी वाफविलेल्या भाजीकडे वळावे. लाल भोपळा घरात महिनोन्महिने टिकतो; त्याचे दह्यातले, मोहरी फेसून लावलेले भरीत श्रावणात कोशिंबिरीची उणीव भासू देत नाही. खमंग काकडी करावयाची तर काकडी स्वच्छ धुऊन, सोलून, चोचवून दाण्याच्या कुटासह तयार ठेवावी व मीठ पाने मांडताना घालावे. आधी घातल्यास पाणी सुटून ताटात पूर येतो. दह्याचेही तसेच. उन्हाळ्यात विरजण थोडे पुरते, दही लवकर आंबते व उरलेले ताक कढीला जाते. थंडीत दूध थोडे अधिक कोमट घेऊन भांडे लोकरीच्या कापडात गुंडाळावे लागते.

ऋतूप्रमाणे खाणे म्हणजे आज जे पिकले ते आजच संपविणे, असा संकुचित अर्थही करू नये. आपले वाळवण हा या विद्येचा दुसरा अर्धा भाग आहे. कोहळा किसून, डाळीच्या वाटणात कालवून घातलेले सांडगे, सांडगी मिरच्या, वाळविलेल्या गवारी, कुरडया, मेतकूट, या साऱ्या उन्हाळ्याने पावसाळ्याला पाठविलेल्या शिदोऱ्या आहेत. ज्या दिवशी मंडईला जाणे अशक्य, त्या दिवशी मूठभर सांडगे तेलात तळून चिंच-गुळाच्या रश्श्यात सोडले की भाजी झाली. हल्ली गच्ची नाही, अंगण नाही, दुपारी घरात माणूस नाही. वर्षाचे वाळवण घालणे सर्वांना साधणार नाही. परंतु ताटभर सांडगे खिडकीतल्या उन्हात वाळतात, आणि ओले मटार सुकाळात सोलून शीतकपाटात ठेवणे हीदेखील वाळवणाचीच नवी बहीण आहे. तिला नाक मुरडण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, आमच्या घरचे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले. त्यांत फेरफार करणारे आपण कोण? यावर साबुदाण्याच्या खिचडीकडे बोट दाखविणे पुरे. एकादशीचे सोवळे इतके कडक की कांद्याचा वासही चालत नाही; आणि त्या पानातील आजचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा व मिरची, हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले! मिरची येण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटाचे स्थान मिऱ्यांकडे व आल्याकडे होते. आपल्या पणज्यांच्या पणज्यांनी हे परके जिन्नस पारखले, योग्य स्थानी बसविले, आणि आज ते परके वाटतही नाहीत. फेरफार ही परंपरेशी प्रतारणा नव्हे; विचार करून केलेला फेरफार हीच परंपरा होय. हे सूत्र परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलींनाही उपयोगी पडते. इंग्लंडात वसंतात रूबार्बचे आंबट देठ मिळतात (त्याची पाने विषारी असतात, ती मुळीच घेऊ नयेत), अमेरिकेत शरदात क्रॅनबेरीची आंबट फळे. त्यांचे लोणचे व आमटी आपल्या फोडणीत सुखाने नांदतात. आमसुलांचे पुडके संपले म्हणून तेथे आमटी अडत नाही.

मात्र फेरफाराला शिस्त हवी. कृती बदलण्यापूर्वी तीन गोष्टींचा विचार करावा. पहिली, पदार्थातील कोणते स्थान रिकामे आहे, व ते स्थान एक काम करते की दोन-तीन. दुसरी, या महिन्यात त्या कामाला योग्य व स्वस्त असे काय आहे. तिसरी, त्यामुळे पाणी, गूळ, मीठ व शिजण्याचा वेळ यांत काय फरक पडेल. आणि एका वेळी एकच स्थान बदलावे. आंबटही नवे, डाळही नवी, मसालाही नवा, असे केले तर पदार्थ बिघडल्यास दोष कोणाचा हे कळत नाही, व साधल्यास श्रेय कोणाचे तेही कळत नाही.

शेवटी एक विनंती. ही विद्या बहुतेक घरांत एकाच वृद्ध हातात उरली आहे, आणि ती कोठेही लिहिलेली नाही. त्या हाताला "आमटीत चिंच किती?" असे विचारल्यास "बेताने" एवढेच उत्तर येते, कारण त्यांचे माप शब्दांत नसून बोटांत आहे. म्हणून घरात एक वही घालावी. बारा महिन्यांची बारा पाने करावीत. दर आठवड्याला सुनेने अथवा नातवंडाने सासूबाईंच्या शेजारी उभे राहून, त्यांनी हातात घेतलेली चिंच कढईत पडण्याआधी वाटीत घालून मापावी व त्या महिन्याच्या पानावर लिहावी. बाजारात त्या दिवशी काय आले होते, भाव काय होता, कोणाला पचले, कोणाला नाही, हेही दोन ओळींत टिपावे. मुलग्यांनाही या कामातून वगळू नये. पुढे परगावी एकट्याने राहताना त्यांनाच ती अधिक लागेल. वर्षभरात अशी वही पुरी झाली, तर त्या घराच्या मातीला, पाण्याला व माणसांना जुळणारे असे पाकशास्त्र तयार होईल, की जे कोणत्याही छापखान्यातून विकत मिळणार नाही. आषाढाचे पान याच आठवड्यात उघडता येईल. आमसुलांची बरणी फडताळात आहेच.